मराठी वर्गासाठी शैक्षणिक संकेतस्थळ कसं पारखावं, आणि त्याआधी शोधयंत्र कसं तोलावं

सुरुवात एका वाक्यानं करा आणि ते कागदावर लिहा: कोणत्या इयत्तेच्या मुलांना, कोणत्या घटकात, नेमकं काय अडतंय. 'गणितासाठी चांगली साइट हवी' हे वाक्य उपयोगाचं नाही. 'सहावीची मुलं भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज करताना अंशात अंश आणि छेदात छेद मिळवतात' हे वाक्य उपयोगाचं आहे. असं वाक्य समोर असलं की दहा मिनिटांत कळतं, हे संकेतस्थळ त्या अडचणीला हात घालतं की नुसतं रंगीत आहे. खाली सगळीकडे हेच उदाहरण धरलं आहे. आपल्या विषयाचं उदाहरण त्या जागी घालून घ्या.

शोधयंत्रांची तुलना वर्षातून एकदा केली तरी पुरते, तिला दोनेक तास लागतात. एका संकेतस्थळाच्या पारखणीला पाऊण तास द्या. क्रमही महत्त्वाचा आहे. जे सापडलंच नाही ते पारखता येत नाही, म्हणून शोधयंत्र आधी.

कोणाची तुलना कोणाशी

प्रत्येक शोधयंत्र स्वतः आंतरजाल पिंजून काढत नाही. गूगल आणि बिंग यांची स्वतःची अनुक्रमणिका, म्हणजे पिंजून काढलेल्या पानांची यादी, आहे. ब्रेव्ह सर्च २०२१ मध्ये आलं, त्याचीही स्वतःची आहे. २००८ पासून चालणारं डकडकगो मात्र नेहमीचे दुवे बहुतांशी बिंगकडून घेतं आणि याहूही बिंगवर अवलंबून आहे. म्हणजे बिंग, याहू आणि डकडकगो यांची तुलना करणं हे एकाच पातेल्यातली आमटी तीन वाट्यांत घेऊन चव बघण्यासारखं आहे. दुव्यांची तुलना करायची तर गूगल, बिंग आणि ब्रेव्ह हे तीन घ्या. डकडकगोचा विचार वेगळ्या कारणासाठी करा: ते शोधाचा इतिहास साठवून तुमची ओळख तयार करत नाही. वर्गातल्या सामायिक संगणकावर ही गोष्ट मोलाची आहे.

तुलना करताना खाजगी खिडकी उघडा. क्रोम आणि एजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एन या कळा एकत्र दाबायच्या, फायरफॉक्समध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि पी. कोणत्याही खात्यात प्रवेश केलेला नसावा, नाहीतर तुमच्या जुन्या शोधांचा रंग निकालांना लागतो. खाजगी खिडकीमुळे ठिकाण मात्र लपत नाही, म्हणून तिन्ही यंत्रं एकाच जोडणीवर आणि एकाच बैठकीत तपासा. बिंग आणि ब्रेव्हच्या सेटिंगमध्ये देश भारत आहे ना, तेही बघा.

मराठी प्रश्नांची खरी परीक्षा

आठ प्रश्न पुरतात, पण ते विचारपूर्वक निवडायला हवेत. बहुतेक तुलना इंग्रजी शब्दांवर होतात आणि तिथे तिन्ही यंत्रं ठीकच चालतात. मराठीत ती कुठे अडखळतात ते पाहायचं असेल तर पुढच्या चार गोष्टी प्रश्नांत आल्याच पाहिजेत.

पहिली, हिंदीची सरमिसळ. लिपी एकच असल्यामुळे 'गुरुत्वाकर्षण' असं नुसतं टाकलं तर हिंदी पानं मिसळून येतात. 'गुरुत्वाकर्षण म्हणजे काय' असं विचारलं की 'म्हणजे' या शब्दामुळे मराठी पानं वर यायला मदत होते. तरीही हिंदी येत असेल तर प्रश्नाच्या शेवटी जागा सोडून उणे चिन्ह द्या आणि त्याला चिकटून 'है' लिहा. ज्या पानात 'है' आहे ती गळतात. पण एखाद्या मराठी लेखात हिंदी उद्धरण असेल तर तोही गळतो, म्हणून हा उपाय शेवटी. तुलनेत दोन्ही प्रकारे विचारा आणि कोणतं यंत्र काही न सांगता मराठी ओळखतं ते नोंदवा.

दुसरी, सारखं दिसणारं पण वेगळं लिहिलेलं अक्षर. 'दुसऱ्या' या शब्दातला आडव्या रेघेचा र दोन प्रकारे साठवला जातो. काही कळफलक नुक्त्याचा 'ऱ' वापरतात, काही साधा 'र', हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह वापरतात. डोळ्यांना 'दुसऱ्या' आणि 'दुसर्‍या' सारखेच दिसतात, यंत्राला ते दोन शब्द असू शकतात. 'ॲप' आणि 'अ‍ॅप' यांचंही तसंच: पहिल्यात 'ॲ' हे एकच चिन्ह आहे, दुसऱ्यात 'अ' वर चंद्र चढवलेला आहे. 'दुसऱ्या महायुद्धाची कारणे' हा प्रश्न फोनवरून आणि संगणकावरून वेगवेगळ्या कळफलकांनी टंकून बघा. निकालांच्या दोन याद्यांत बराच फरक पडला तर ते यंत्र ही रूपं नीट जुळवत नाही. अशा यंत्रावर महत्त्वाचा शोध दोन्ही रूपांनी करावा लागतो.

तिसरी, सामान्यरूप. 'अपूर्णांक', 'अपूर्णांकाची', 'अपूर्णांकांची' ही मुलाला एकाच शब्दाची रूपं वाटतात. चांगलं यंत्र ती एकत्र धरतं. पण शब्दसमूह अवतरणचिन्हांत टाकला की यंत्र तेच नेमकं रूप शोधतं आणि मराठीत निकाल एकदम आटतात. म्हणून मराठीत अवतरणचिन्हं जपून वापरा, आणि वापरलीच तर दोन-तीन रूपांनी वापरा.

चौथी, जुने फॉन्ट. युनिकोड रुळण्यापूर्वी तयार झालेल्या अनेक पीडीएफ फायलींत मराठी मजकूर खरं तर रोमन अक्षरांच्या वेशात साठवलेला असतो. त्या फायली मराठी शब्दांनी शोधल्या तर सापडतच नाहीत, कोणत्याही यंत्रात. ओळखायची खूण सोपी आहे: फायलीतली एक ओळ उचलून नोटपॅडमध्ये चिकटवा. रोमन अक्षरांचा गुंताडा दिसला तर फाइल जुन्या फॉन्टमधली. अशी सामग्री शोधायची तर फायलीतल्या मजकुरावर विसंबू नका. ती ज्या पानावर ठेवली आहे त्या पानाचं शीर्षक किंवा संस्थेचं नाव शोधा.

उरलेले प्रश्न असे ठेवा: एक घटकाचा ('भिन्नछेद अपूर्णांकांची बेरीज सहावी'), एक साहित्याचा ('अपूर्णांक सराव कृतिपत्रिका'), एक ठरलेल्या उत्तराचा ('महाराष्ट्रातील सर्वात उंच शिखर', उत्तर कळसूबाई, १,६४६ मीटर), आणि एक अधिकृत स्रोताचा ('सहावी गणित पाठ्यपुस्तक'). शेवटच्या प्रश्नात बालभारतीचं स्वतःचं ई-ग्रंथालय कितव्या क्रमांकावर येतं ते मोजा. पाठ्यपुस्तकं तिथे मोफत उतरवता येतात. त्याच्या वर जाहिरातींनी भरलेली फुकट डाउनलोडची पानं येत असतील तर मुलांना त्या यंत्रावर मोकळं सोडणं धोक्याचं.

गुण कसे द्यायचे

प्रत्येक प्रश्नाचे पहिले दहा निकाल घ्या. उद्या वर्गात वापरता येईल असं पान असेल तर २, विषय बरोबर पण इयत्ता किंवा भाषा जुळत नसेल तर १, बाकी सगळ्यांना ०. जाहिराती निकालांत धरू नका, पण किती होत्या ते वेगळं लिहा. एका प्रश्नाला कमाल २० आणि आठ प्रश्नांना १६०.

गुण देणाऱ्याला यंत्राचं नाव कळू नये. सहकाऱ्याला तिन्ही यंत्रांनी दिलेल्या पानांचे पत्ते तक्त्यात उतरवून, ओळी उलटसुलट करून मग तुमच्यापुढे ठेवायला सांगा. हे वगळलं तर हात आपोआप ओळखीच्या यंत्राकडे झुकतो.

एकूण गुणांपेक्षा एक रकाना अधिक कामाचा आहे: कोणतं उपयोगी पान फक्त एकाच यंत्रात सापडलं. १६० पैकी पाच-सहा गुणांच्या फरकावर काही ठरवू नका, पुढच्या आठवड्यात तो उलटाही होईल. पण एखादं यंत्र सातत्यानं वेगळी चांगली पानं देत असेल तर ते दुसऱ्या क्रमांकाचं यंत्र म्हणून ठेवा. पहिल्यात नाही मिळालं की तिकडे जायचं.

निकालांच्या वर यंत्रानं स्वतः रचलेलं उत्तर येत असेल तर त्याला वेगळे गुण द्या. त्यातलं एक विधान निवडा, खाली दिलेला दुवा उघडा आणि ते विधान त्या पानात खरंच आहे का बघा. विधान बरोबर असलं तरी दुव्यात नसेल तर शून्य. मुलांना 'स्रोत दाखव' हे शिकवायचं आहे, आणि इथे स्रोत नुसता शोभेला लावलेला आहे.

शोध आवळायच्या दोन आज्ञा सर्वांना ठाऊक हव्यात. 'साइट' हा शब्द रोमन लिपीत, त्यानंतर अपूर्णविराम (:) आणि मध्ये जागा न सोडता संकेतस्थळाचा पत्ता, म्हणजे फक्त तिथलंच सापडतं. एखाद्या संकेतस्थळाचा स्वतःचा शोध गंडलेला असतो तेव्हा ही आज्ञा हमखास उपयोगी पडते. 'फाइलटाइप' रोमन लिपीत, अपूर्णविराम आणि 'पीडीएफ', म्हणजे छापता येणारं साहित्य. अपूर्णविरामानंतर जागा सुटली की आज्ञा बिघडते. सर्वाधिक चुका इथेच होतात.

संकेतस्थळ उघडलं, आता आधी बाहेर पडा

२००४ मध्ये कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या चिको इथल्या ग्रंथालयातून पाच निकषांची एक यादी निघाली: ताजेपणा, सुसंगती, अधिकार, अचूकता आणि हेतू. ती जगभर वापरली जाते आणि वाईट नाही. पण तिचा दोष असा की ती वाचकाला त्याच पानात अडकवून ठेवते. 'आमच्याबद्दल' हे पान संकेतस्थळाच्या मालकानंच लिहिलेलं असतं. स्टॅनफर्डमधल्या सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी २०१७ मध्ये मांडलेल्या अभ्यासात १० इतिहासकार, १० व्यावसायिक तथ्यतपासनीस आणि २५ विद्यार्थी यांना अनोळखी संकेतस्थळं पारखायला दिली होती. तपासनीस सरस ठरले, कारण ते पानात रेंगाळले नाहीत. त्यांनी लगेच नवीन टॅब उघडून इतर लोक त्या संस्थेबद्दल काय म्हणतात ते पाहिलं.

तेच करा. नवीन टॅबमध्ये संस्थेचं नाव आणि सोबत 'तक्रार', मग नाव आणि 'निधी', मग चालवणाऱ्यांची नावं. पाच मिनिटं. त्यानंतर इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनमध्ये पत्ता टाकून दोन-तीन वर्षांपूर्वीचं पान पाहा. तेव्हा तिथे वेगळाच धंदा चालत होता असं दिसलं तर पत्ता विकत घेऊन त्यावर शाळेची पाटी लावलेली असू शकते.

भाषेची कसोटी

मराठी 'उपलब्ध' असणं आणि मराठीत लिहिलेलं असणं यांत फार अंतर आहे, आणि ते पारिभाषिक शब्दांत लगेच उघडं पडतं. आपल्या पाठ्यपुस्तकात 'अंशाधिक अपूर्णांक' आणि 'पूर्णांकयुक्त अपूर्णांक' आहेत. संकेतस्थळावर 'अयोग्य अपूर्णांक' आणि 'मिश्रित संख्या' दिसले तर मजकूर इंग्रजीतून यंत्रानं उतरवलेला असावा. अपूर्णांकाला 'भिन्न' आणि छेदाला 'हर' म्हटलं असेल तर तो हिंदीतून आला आहे. 'भिन्न'चा घोळ विशेष वाईट, कारण मराठीत भिन्न म्हणजे वेगळा, आणि 'भिन्नछेद' याच घटकात तो शब्द त्या अर्थानं येतो. मूल दोन अर्थांत सापडतं.

इतर विषयांसाठीही असेच शब्द काढून ठेवा. काटकोन त्रिकोणाचा 'उजवा त्रिकोण' झाला आहे का? मूळ संख्येची 'अभाज्य'? पेशीची 'कोशिका'? घातांकाची 'शक्ती'? रसायनात आम्लारीचा 'आधार'? असे दहा शब्द तपासायला पाच मिनिटं लागतात. दोनपेक्षा जास्त चुकले तर मुलांना ते संकेतस्थळ स्वतंत्रपणे वापरायला देऊ नका. चित्र किंवा सिम्युलेशन चांगलं असेल तर शिक्षकानं स्वतः समजावत दाखवायला हरकत नाही.

मुद्दाम चुका

पारखणीतला सर्वांत मोलाचा भाग हाच, आणि बहुतेक जण तो गाळतात. मुलाचं खातं उघडा आणि सराव चाचणीत ठरवून चुकीची उत्तरं द्या.

१/२ + १/३ ला २/५ लिहा. मुलं नेमकी हीच चूक करतात. संकेतस्थळ नुसतं 'चूक, पुन्हा प्रयत्न करा' म्हणतं, की योग्य उत्तर दाखवून पुढे जातं, की चूक कुठून आली ते दाखवतं? उत्तम प्रतिसाद असा असेल: २/५ हे १/२ पेक्षा लहान आहे, अर्ध्यात काही मिळवल्यावर अर्ध्यापेक्षा कमी कसं होईल? तेच चित्रपट्टीवर दाखवलं तर आणखी छान. अंदाज बांधायला लावणारं संकेतस्थळ दुर्मिळ आहे. मिळालं तर बाकीच्या लहान उणिवा पोटात घाला.

मग बरोबर उत्तरं वेगवेगळ्या रूपांत द्या. ३/४ + १/२ चं उत्तर ५/४ आणि १ पूर्णांक १/४ दोन्ही स्वीकारतं का? १/४ + १/४ ला २/४ लिहिलं तर सरसकट चूक ठरवतं, की 'बरोबर, आता संक्षिप्त रूप द्या' असं सांगतं? आणि देवनागरी अंकांत लिहिलेलं उत्तर? बरीच संकेतस्थळं फक्त इंग्रजी अंक (1, 2, 3) ओळखतात. मराठी कळफलकावरून '५/४' टंकणारं मूल बरोबर असून चूक ठरतं, आणि का ते त्याला कळत नाही. हा दोष आढळला तर संकेतस्थळाच्या संपर्कपानावरून कळवा आणि तोवर मुलांना कळफलक बदलायला शिकवून ठेवा.

शेवटी न वाचता भराभर पर्याय दाबत जा. तरीही तारे, पदकं, टाळ्या मिळत असतील तर बक्षीस दाबण्याला आहे, समजण्याला नाही.

डेटा आणि फोन

संगणकावर क्रोममध्ये पान उघडून एफ १२ दाबा, 'नेटवर्क' टॅब निवडा, 'डिसेबल कॅश'वर खूण करा आणि पान पुन्हा लोड करा. खालच्या पट्टीत किती एमबी उतरले ते दिसतं. ८ एमबीचं पान ३० मुलांनी एका हॉटस्पॉटवर उघडलं तर २४० एमबी गेले, आणि हे अजून एकही व्हिडिओ न लावता. त्याच टॅबमध्ये वेग मुद्दाम ३जी इतका कमी करता येतो. तसं करून धडा चालवा. शहरातल्या वायफायवर केलेली पारखणी वाडीवस्तीवरच्या शाळेला लागू पडत नाही.

व्हिडिओसाठी फोनच्या सेटिंगमधला डेटा-वापराचा आकडा लिहून घ्या, दहा मिनिटं व्हिडिओ चालवा आणि पुन्हा आकडा बघा. साहित्य उतरवून ठेवता येत असेल तर हा प्रश्नच सुटतो. दीक्षा ॲपमध्ये साहित्य फोनवर साठवता येतं आणि बालभारतीच्या पुस्तकांतले क्यूआर कोड तिकडेच नेतात. कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली अपूर्णांकांची सिम्युलेशन्स मोफत आहेत आणि उतरवून ठेवली की इंटरनेट नसतानाही चालतात. भाषांच्या यादीत मराठी आहे, पण हवं ते सिम्युलेशन मराठीत झालंय का ते त्याच्या पानावर तपासा.

दृष्टीची अडचण असलेल्या मुलासाठी दोन झटपट चाचण्या: ब्राउझरमध्ये अक्षर २०० टक्के करा आणि काही झाकलं जातं का बघा, मग माउस बाजूला ठेवून फक्त टॅब कळेनं धडा पूर्ण करून दाखवा.

माहिती आणि पैसे

नोंदणी न करता किती वापरता येतं? नोंदणी लागलीच तर कोणते रकाने सक्तीचे आहेत? अपूर्णांक शिकवायला पालकांचा फोन नंबर लागत नाही. तो सक्तीचा असेल तर पुढे विक्रीचा फोन येणार असं धरून चाला. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल आहे. त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांचा माग काढणं किंवा त्यांना उद्देशून जाहिराती दाखवणं यावर बंदी आहे. संकेतस्थळाच्या धोरणात यातलं काही उतरलंय का ते वाचा. सरकारी आहे म्हणून ही पायरी गाळू नका. ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संस्थेनं २०२२ मध्ये ४९ देशांतली १६४ शैक्षणिक उत्पादनं तपासली होती, त्यात सरकारांनी स्वतः बनवलेलीही होती, आणि बहुसंख्य उत्पादनांत मुलांच्या हक्कांना बाधक अशा गोष्टी आढळल्या.

सशुल्क असेल तर पालकांना एक गोष्ट स्पष्ट सांगा: खात्यातून आपोआप पैसे कापायची परवानगी देऊ नका. शिक्षण मंत्रालयानं डिसेंबर २०२१ च्या सूचनेत हेच म्हटलं आहे. 'मोफत चाचणी'साठी कार्ड मागणाऱ्या ठिकाणी चाचणी कधी संपते आणि ती कुठून रद्द करायची हे सापडल्याशिवाय कार्डाचा क्रमांक टाकू नये. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

निर्णय

सगळ्या निकषांना गुण देऊन बेरीज करायची पद्धत सोडा. तिच्यात देखणेपणाचे गुण चुकीच्या गणिताला झाकून टाकतात. आधी तीन दारं ठेवा: आशय अचूक आहे का, भाषा पाठ्यपुस्तकाशी जुळते का, मुलांची माहिती सुरक्षित आहे का. एकही दार बंद असेल तर पुढे जायचं नाही. तिन्ही उघडी असलेल्यांचीच चुकांना प्रतिसाद, डेटा आणि सोय यांवर तुलना करा. मग दोन संकेतस्थळं चार-पाच मुलांपुढे ठेवा, वीस मिनिटं मध्ये न बोलता बघत बसा, आणि ती कुठे अडतात ते लिहा. दुसऱ्या दिवशी त्याच मुलांना कागदावर १/२ + १/३ द्या. ज्या संकेतस्थळानंतर २/५ कमी वेळा आलं, ते एका महिन्यासाठी निवडा आणि नोंदीवर पुन्हा तपासायची तारीख घाला.